चढावर उलटी जाणारी गाडी

टाकीच्या चढावर सगळं जग सरळ तोंडानं जायचं, फक्त डायलिसिसची गाडी ढुंगण पुढे करून जायची. पहिल्यांदा बघणारा माणूस खाली उभा राहून म्हणायचा, ड्रायव्हर प्यायलाय. प्यायलेला नसायचा. तो चहासुद्धा अर्धाच कप घ्यायचा. गाडीतल्या सहाही पेशंटना दिवसाचं पाणी मोजून प्यावं लागतं, आणि त्यांच्यासमोर कपभर चहा ढोसायला त्याला लाज वाटायची. लाज वाटणारा ड्रायव्हर मी आयुष्यात हा एकच पाहिला.

खरं नाव मतदार यादीत आहे, तिथंच असू दे. सगळे त्याला रिव्हर्स म्हणतात. बायकोसुद्धा फोनवर "रिव्हर्स निघाले का?" असंच विचारते, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही.

आठवी पास, वय छप्पन्न. आधी बर्फाच्या कारखान्याची गाडी चालवायचा. तिथून आमच्या रुग्ण मंडळात आला तेव्हा मी विचारलं होतं, "आजारी माणसांची सवय आहे का?" तर म्हणाला, "ताई, बर्फ आणि आजारी माणूस, दोघांनाही वेळेत पोचवायचं आणि आपटायचं नाही. फरक एवढाच की बर्फ शिव्या देत नाही." मी तिथंच त्याला घेतला. मंडळाची सेक्रेटरी मी आहे. सेक्रेटरी म्हणजे खुर्च्या मांडायच्या, अर्ज लिहायचे आणि साहेब लोकांशी भांडायचं. तिसरं काम मला जमतं.

आता गाडी उलटी का, ते सांगते. आमची जुनी व्हॅन पुढच्या दोन चाकांच्या जोरावर चालायची. सपाट रस्त्यावर काही प्रश्न नाही, जगातल्या निम्म्याहून जास्त गाड्या अशाच चालतात. पण वरच्या वस्तीकडे जाणारा चढ पाण्याच्या टाकीला खेटून जातो, आणि टाकी रोज दोनदा भरून वाहते. बारा महिने तिथं चिखल. चढावर गाडीचं वजन मागे पडतं, पुढची चाकं हलकी होतात, मग ती जागच्या जागी भिरभिरतात आणि गाडी मुळीच हलत नाही. पहिल्याच महिन्यात चौथ्यांदा अडकल्यावर रिव्हर्सचं डोकं फिरलं. घसरत खाली आला, गाडी वळवली आणि "उतरा, जा चालत" म्हणायला मागे वळला. मागे सहा चेहरे. चार तास मशीनवर रक्त धुऊन घेतलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो, ते ज्यानं पाहिलंय त्याला माहीत. त्यानं एक कचकचीत शिवी दिली, कुणाला ते ठाऊक नाही, आणि उलटा गिअर टाकला. गाडी चढली! जोराची चाकं आता उताराच्या बाजूला आली होती, सगळं वजन त्यांच्यावर. पकड बसली.

त्या दिवसापासून नऊ वर्षं, आठवड्यातून तीनदा, माझे पेशंट घरी उलटे पोचले. एक हात शेजारच्या सीटच्या पाठीवर, मान पूर्ण मागे वळवलेली, तोंड सरळ पेशंटकडे. अख्खा चढ तो त्यांच्याकडे बघत, त्यांच्याशी बोलत चढायचा. कुणाच्या पोटरीत गोळा आलाय, कुणाला गरगरतंय, त्याला तिथंच कळायचं.

त्यामुळे गाड्यांच्या बाबतीत त्याची मतं पक्की झाली होती. नवी गाडी घेणारा जो तो त्याला विचारायचा, कारण फुकट सल्ला देणारा आणि वर कमिशन न खाणारा माणूस तोच. डायलिसिस सेंटरच्या डॉक्टरांनी विचारलं, "चारही चाकांना जोर असलेली घ्यावी म्हणतोय. सेफ असते ना?"

"डॉक्टर, वर्षातून किती दिवस चिखलात जाता?"

"एकही नाही."

"मग घरातल्या घरात गमबूट घालून कशाला फिरता? चार चाकांचा जोर अडकलेल्याला बाहेर काढतो. थांबवत नाही. ब्रेक तुमच्या गाडीलाही चार आणि माझ्याही गाडीला चार. जोर दोन चाकांचा घ्या, टायर चारही उत्तम घ्या, आणि मोबाइल खिशात ठेवा."

डॉक्टरांनी मोठी, चारही चाकांच्या जोराचीच घेतली. डॉक्टर लोक कुणाचं ऐकतात?

तर अशा या माणसाची व्हॅन यंदा मरायला टेकली. तळाचा पत्रा इतका सडला की आमच्यातल्या एका पेशंटला, शिंप्याला, पायाखालून रस्ता दिसायला लागला. "काचेतून बघण्यापेक्षा हे बरं," तो म्हणायचा, "खड्डा नक्की कुठला ते समजतं." शिंपी मशीनवर पडल्या पडल्या नर्सच्या गणवेशाची शिलाई किती वाईट आहे ते तिलाच समजावून सांगणारा माणूस. त्याचं मनावर घ्यायचं नसतं.

देणगीदार मिळाला. सिमेंटवाले शेठ. माणूस वाईट नाही, पण दान करताना त्याचा चेहरा असा होतो की घेणाऱ्यानं आधी एक फोटो काढावा. सेंटरच्या वेटिंग रूममध्ये मीटिंग भरली. शेठनं दोन चित्रं टेबलावर ठेवली. एक बुटकी, लांबट गाडी, पुढच्या दोन चाकांवर चालणारी. दुसरी उंच, रुंद, चारही चाकांना जोर असलेली, आणि तोंड असं की समोरच्यानं बाजूला व्हावं.

"माझं मन दुसरीवर आहे," शेठ म्हणाले. "तुमचा चढ ही सरळ चढेल. उलटंसुलटं बंद. शोभत नाही ते."

"आणि दार मोठं आहे," शिंपी म्हणाला. "तुमचं नाव पूर्ण मावेल."

सगळ्यांनी रिव्हर्सकडे बघितलं. मला वाटलं, आता हा गमबुटाचं सुरू करणार. तो चित्राकडे बघत राहिला. मग म्हणाला, "उंच घ्या. चार चाकांची."

मी चाटच पडले. नऊ वर्षं ज्या गोष्टीची टिंगल केली, तिलाच हा हात वर करतोय? मी तोंड उघडणार तेवढ्यात तो घाईघाईनं बोलायला लागला. पकड, तोल, भविष्याचा विचार, सुरक्षितता. सेल्समनची भाषा. हा माणूस एरवी वाक्यात तीन शब्द वापरतो आणि त्यातला एक शिवीचा असतो.

आमच्यात एक बाई आहेत. निवृत्त गणिताच्या शिक्षिका, एकाहत्तर वर्षांच्या, वजन एकेचाळीस किलो, उजव्या पायाची तीन बोटं साखरेनं नेलेली. काठी घेऊन चालतात आणि काठीनंच बोलतात. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी आणून दाखवा. चित्रावर मी मार्क देत नाही."

दोन दिवसांनी शेठनं शोरूममधून ती उंच गाडी चालवून बघायला आणवली, दुपारी, मशीन सुटायच्या वेळेला. रिव्हर्स स्टिअरिंगवर बसला. बसला तो मजेत होता, खोटं का बोलू? काचेतून लांबपर्यंत दिसत होतं, मागे वळून बघायची गरज नव्हती.

मग दार उघडलं आणि पेशंट आले.

पायरी गुडघ्याच्या वर. निरोगी माणूस टुणकन चढेल. पण चार तासांत अंगातलं दोन-तीन लिटर पाणी काढून घेतलेला माणूस फुटपाथसुद्धा विचार करून चढतो. शिंप्यानं एक पाय टाकला, वर ओढायला गेला आणि पोटरीत गोळा येऊन तसाच लटकला. एक पाय गाडीत, एक जमिनीवर. "मला असंच घरी सोडा," तो म्हणाला, "अर्धा तरी पोचेन." नर्स धावत आली आणि शेठला ओरडली. कशाबद्दल ते तिलाही माहीत नव्हतं, पण ओरडली ते बरं झालं.

"स्टूल ठेवू एक," शेठ म्हणाले.

"चिखलात स्टूल?" मी म्हटलं. "त्यापेक्षा क्रेन द्या ना! तिच्यावर पण नाव मावतं."

बाईंची पाळी आली. काठी आत ठेवली, दोन्ही हातांनी दांडा धरला. ज्या हातात मशीनच्या सुया टोचतात त्या हातावर जोर द्यायचा नसतो, म्हणून एक हात लगेच सोडला. दुसऱ्यानं ओढलं. जमलं नाही. पुन्हा ओढलं. मग त्या शांतपणे वळल्या आणि गाडीच्या पायरीवर बसल्या.

"पायरी छान आहे," त्या म्हणाल्या. "बसायला."

कुणी हसलं नाही. कारण पुढचं सगळ्यांना समजत होतं. जो गाडीत चढू शकत नाही तो मशीनवर येत नाही. जो मशीनवर येत नाही त्याचं काय होतं, ते आमच्या वेटिंग रूमच्या रिकाम्या खुर्च्यांना विचारा.

रिव्हर्स खाली उतरून आला. बाईंच्या समोर उभा राहिला, पण बघत होता गाडीच्या टायरकडे.

"पायरी किती उंच आहे ते तुला चित्रात दिसलं होतं," बाई म्हणाल्या. "आम्हाला नसेल दिसलं. तुला दिसलं होतं."

"हो."

"मग हात वर का केलास?"

त्यानं टायरवर टाच आपटली.

"मी सांगू? पाच महिने झाले, चढावर मला तुझं तोंड दिसलेलं नाही. नऊ वर्षं मी तुझ्या मागच्याच सीटवर बसते. चढ लागला की तुझं थोबाड माझ्यासमोर यायचं, आवडो न आवडो. पाच महिने फक्त डोक्याची मागची बाजू दिसते. आरशात बघून गाडी घेतोस. दोनदा खांबाला घासलीस आणि म्हणालास, खांब वाकडा आहे. खांब सरळ आहे, बाळा. मी भूमिती शिकवलीय."

रिव्हर्सनं मान वळवायचा प्रयत्न केला. मान खांद्यापर्यंतसुद्धा गेली नाही, त्याच्याऐवजी कंबरेपासून अख्खा माणूस वळला. मणके घासलेत, त्यानं सांगितलं. बायको रोज सकाळी मलम चोळते तेव्हा कुठं शर्टात डोकं जातं. चार चाकांची गाडी आली असती तर चढ सरळ चढता आला असता. मागे बघायलाच लागलं नसतं. कुणाला कळलं नसतं.

"मला दुसरं काही येत नाही," तो म्हणाला. "ही सीट गेली तर मी घरात बसून काय करू? बर्फ?"

शेठनं घसा साफ केला. "हे बघा, भावना बाजूला ठेवू. मान गेलेल्या ड्रायव्हरच्या हातात पेशंट द्यायचे का? माझ्या गोडाऊनवरचा एक ड्रायव्हर देतो, तिशीतला आहे. गाडी बुटकी घ्या, माझी हरकत नाही. त्याला उलटी चढवायला शिकवा. महिनाभरात गाडी येईल, तोपर्यंत ठरवा."

राग असा आला की मला समोरचे शेठ दिसेनासे झाले. पण सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. सहा माणसं, एका बाजूला खोल गटार, एका बाजूला भिंती, आणि मागे न वळणारी मान. मी घरी येऊन भांडी आपटली. भांडी आपटल्यावर माझं डोकं चालतं. आणि तेव्हा मला स्वतःलाच दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. आम्ही दोन चाकं की चार चाकं यावर तीन दिवस घालवले. गाडीचा एका खेपेचा प्रवास किती? अकरा किलोमीटर डांबर आणि दोनशे पावलं चिखल. आणि तो चिखल देवानं दिलेला नव्हता! टाकीचा व्हॉल्व्ह बंद होत नाही म्हणून पाणी वाहत होतं. एका गंजलेल्या व्हॉल्व्हपायी आम्ही चार चाकांची गाडी आणायला निघालो होतो.

त्या व्हॉल्व्हसाठी मी अकरा अर्ज दिले होते. पोच सगळ्यांची आहे. मला वाटायचं, अर्ज दिला म्हणजे लढले. रिव्हर्स उलटा चढत होता म्हणून माझे अर्ज सुखानं झोपून होते.

दुसऱ्या दिवशी मशीनची सुट्टी होती. आम्ही सहा पेशंट, रिव्हर्स आणि मी पाणीपुरवठा ऑफिसात गेलो आणि इंजिनिअरच्या केबिनबाहेरच्या बाकांवर बसलो. शिपाई म्हणाला, "साहेब मीटिंगमध्ये आहेत, चार तास लागतील."

"लागू दे," शिंपी म्हणाला. "आम्हाला चार तासांची प्रॅक्टिस आहे. इथं तर सुईपण नाही."

अडीच तासांत इंजिनिअर बाहेर आला. तरुण, घाईतला, गळ्यात ओळखपत्र. आजारी माणसं बघून नरमला आणि शिपायाला म्हणाला, "अरे, यांना पाणी आण आधी." ट्रे आला. आठ ग्लास, काठोकाठ भरलेले.

बाईंनी ग्लास हातात घेतला, उंच धरला, बघितला. "दिवसाला मला असे तीन मिळतात," त्या म्हणाल्या. "आमटी, औषध, सगळं धरून. चौथा प्यायला तर फुप्फुसात जातो. तुमच्या टाकीतून रोज दोनदा किती वाहतं?"

इंजिनिअर म्हणाला, आकडा बघावा लागेल.

"बघा ना. मी बसते. पाणी मोजायला शिकवीन तुम्हाला. हातच्याचं गणित आहे, अवघड नाही."

आठही ग्लास तसेच भरलेले बाकावर ओळीनं ठेवून आम्ही बसून राहिलो. येणारा जाणारा विचारायचा, हे काय? शिंपी सांगायचा. दर वेळी गोष्ट थोडी वाढायची. दुपारपर्यंत इंजिनिअरला स्वतः चढावर येणं सोपं वाटायला लागलं. आला, घोट्यापर्यंत चिखलात रुतला, चप्पल तिथंच सोडून बाहेर आला. नवव्या दिवशी व्हॉल्व्ह बदलला. नऊ वर्षं आणि अकरा अर्जांनी जे झालं नाही ते एका रुतलेल्या चपलेनं केलं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढच्या वेळी मी चपलेपासूनच सुरुवात करणार आहे.

चढ वाळला. बुटकी गाडी आली, पुढच्या दोन चाकांची, पायरी विटेएवढी. शेठचं नाव दोन्ही बाजूंना आणि मागे. शेठ स्वतः त्यांच्या त्या तिशीतल्या ड्रायव्हरला घेऊन आले होते. ठरलं असं की रिव्हर्सनं एकदा चढून दाखवायचं. सरळ.

दुपारी सहा जणांना घेऊन तो निघाला. मी पुढं बसले. टाकीपाशी आला, सवयीनं थांबला, सवयीनं हात उलट्या गिअरवर गेला, मग त्यानं तो मांडीला पुसला आणि पहिला गिअर टाकला. कोरड्या रस्त्यावर गाडी सरळ वर गेली, एकदाही कुरकुरली नाही. मागून शिंपी म्हणाला, "हे असं दिसतं होय! मला वाटायचं आपण दरीतच राहतो."

वर पोचलो. सगळे खूश. शेठसुद्धा पायी वर आले होते, दम खात हसत होते. आणि रिव्हर्स स्टिअरिंग धरून तसाच बसून होता.

"उतर की," मी म्हटलं.

"ताई," तो म्हणाला, "आता खाली कसं जायचं?"

नऊ वर्षं तो उलटा चढून सरळ उतरायचा. आता सरळ चढला होता. वर गल्ली संपते. गाडी वळायला जागा नाही. म्हणजे उतरायचं उलटं, मान मागे वळवून! एवढे इंजिनिअर, शेठ, मंडळ, मी, सगळे हुशार. एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. शेठचा ड्रायव्हर पुढं झाला आणि त्यानं चावीसाठी हात पसरला.

रिव्हर्सनं चावी काढली.

"थांब," बाई म्हणाल्या.

बाईंचं घर गल्लीच्या टोकाला. घरासमोर कंपाउंडची भिंत, भिंतीच्या आत अंगण. ती भिंत काढायला नगरपालिकेनं दोनदा नोटीस दिली होती आणि दोन्ही वेळा मी जाऊन ती वाचवली होती. माझ्या कामांमधलं ते एकमेव असं काम, जे झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकते. बाईंनी काठीनं त्या भिंतीवर टकटक केलं.

"ही गेली की गाडी वळते. अंगण साडेसात मीटर आहे, मी मोजलंय."

"बाई, ती भिंत जिंकलेली आहे," मी म्हटलं.

"गप्प बस गं. जिंकलेली आहे म्हणूनच पाडता येते. हरलेली असती तर त्यांनीच पाडली असती." मग शेठकडे वळल्या. "सिमेंटवाले ना तुम्ही? मग पाडायची हत्यारं पण असतील. पाठवा. नाव नाही लागणार, भिंत राहणारच नाही."

शेठ पहिल्यांदाच मोकळे हसले. त्या दिवसापुरती गाडी तिशीतल्या त्या ड्रायव्हरनं उलटी खाली नेली, आणि दुसऱ्या दिवशी घणाचे पहिले घावही त्यानंच घातले. चांगला मुलगा होता, उगाच मी त्याचा तिरस्कार करत होते.

परवा रिव्हर्सनं पहिल्यांदा अंगणात गाडी वळवली. बाई घराच्या पायरीवर बसून बघत होत्या, नुकत्याच मशीनवरून आलेल्या, पांढऱ्याफटक. गाडी पुढं, मागं, पुढं, मागं, पुढं. एक कुंडी गेली. दारावरचा कडीकोयंडा थोडक्यात वाचला. शेवटी गाडीचं तोंड उताराकडे झालं.

"पाच वेळा," बाई म्हणाल्या. "तीनदात होतं. कागदावर काढून देते."

"उद्या करतो तीनदात."

"उद्या मशीन नाही. परवा ये. आणि कुंडी घेऊन ये."